पुढे लेकरू, मागे आपण

(लातूर येथे तरुण आई-बाबा आणि आजी-आजोबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बऱ्याच आया दिसतायत, त्याहून जास्त आज्ज्या दिसतायत, आणि मागच्या रांगेत काही बाबा आहेत. बाबांनो, पुढं या. बाबागाडी ढकलायचं काम तुमचंही आहे.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. रस्ता कसा आखायचा, उतार किती द्यायचा, पाणी कुठं काढायचं हा माझा रोजचा विषय. बाबागाडीबद्दल लोक विचारतात ते कोणती घ्यायची, केवढ्याला घ्यायची. मला आज बोलायचंय ते गाडी घेऊन घराबाहेर पडल्यावर काय होतं याबद्दल.

एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. दांडा तुमच्या हातात असतो तेव्हा गाडीचं पुढचं चाक तुमच्यापासून जवळजवळ एक मीटर पुढं असतं. आपण एरवी रस्ता कसा ओलांडतो? कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधून थोडं पुढं होतो, मान काढून दोन्हीकडं बघतो, मग पाऊल टाकतो. बाबागाडी घेऊन हेच केलं तर तुमची मान बाहेर येईपर्यंत लेकरू रस्त्यात पोचलेलं असतं. तुम्हाला समोरचं दिसत नाही आणि येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लेकरू दिसत नाही, कारण ते उभ्या जीपच्या बोनेटपेक्षाही खाली आहे. म्हणून उभ्या वाहनांच्या मधून बाबागाडी काढायचीच नाही. पन्नास पावलं जास्त चालावी लागली तरी चालेल, पण जिथून दोन्हीकडचा रस्ता उघडा दिसतो तिथूनच ओलांडायचं. तशी जागा नसेलच, तर गाडी स्वतःच्या बाजूला घ्या, एक हात दांड्यावर ठेवा, आधी स्वतः पुढं होऊन बघा, आणि मगच गाडी पुढं आणा.

आपल्या लातूरच्या गंजगोलाईचं, म्हणजे गोल बाजारपेठेचं उदाहरण घेऊ. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नगररचना म्हणून ती फार देखणी आहे, मला मनापासून आवडते. पण बाबागाडी घेऊन गोलाईला बाहेरून पूर्ण चक्कर मारायची तर सोळा वेळा रस्ता ओलांडावा लागतो, तोही हातगाडे, रिक्षा आणि मालाच्या टेम्पोंमधून. म्हणून मी सांगते, गोलाईत जायचंच असेल तर सकाळी दुकानं उघडता उघडता जा, ज्या बाजूचं काम आहे त्याच बाजूनं शिरा आणि त्याच बाजूनं बाहेर पडा. सणाच्या आठवड्यात गाडी घरीच ठेवा. लेकराला कडेवर किंवा झोळीत घ्या. झोळी हा आपल्याकडचा फार जुना आणि चांगला उपाय आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. गर्दीत लेकरू तुमच्या छातीच्या उंचीवर असलेलं बरं, लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीवर नको.

मग बाबागाडी हवीच कशाला, असं आज्ज्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण सासू गावाकडं शेतात, नवरा कामावर, आणि तिसऱ्या मजल्यावर एकटी आई, अशी घरं आता लातुरात, नांदेडला, संभाजीनगरला गल्लोगल्ली आहेत. वर्षाचं लेकरू नऊ-दहा किलोचं होतं. ते एका काखेत, दुसऱ्या हातात पिशवी, खांद्यावर पर्स, असं रोज चालून बाईची कंबर जाते. शिवाय बाळंतपणानंतर बाहेर पडणं तिच्यासाठी गरजेचं असतं, नुसती हौस म्हणून नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसीसाठी जावंच लागतं, तेव्हा तिचं स्वतःचं अंगही सावरलेलं नसतं.

इतक्या लहान बाळाबद्दल एक सांगते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ गाडीत बसतं ठेवायचं नाही, पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी हवी. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कच्ची असते. बसतं ठेवलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोप लागल्यासारखं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

पट्ट्यांचं बघू. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांच्या मधून, असे पाच पट्टे एकत्र अडकतात ती गाडी घ्या, आणि पाचही पट्टे दर वेळी लावा. "इथंच तर जायचंय" म्हणून पट्टे सोडून ठेवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याकडं गतिरोधक कुठं येईल सांगता येत नाही, आणि त्यावर पुढचं चाक अडकलं की गाडी थांबते, लेकरू थांबत नाही. चेंबरच्या जाळीचंही तेच. जाळीच्या फटी आपल्या चालण्याच्या दिशेनं असतील तर पुढचं छोटं चाक सरळ आत जातं. जाळी दिसली की तिरकं व्हा, किंवा दांडा दाबून पुढची चाकं उचला आणि मागच्या मोठ्या चाकांवर ती पार करा.

दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नका. लेकरू आत असेपर्यंत त्याच्या वजनानं तोल राहतो. लेकरू उचललं की गाडी मागं कोलमडते. आणि पिशवीत कलिंगड असेल तर लेकरू आत असतानाही कोलमडते. सामान सीटच्या खालच्या जाळीत ठेवा.

ब्रेक लावून झाल्यावर गाडी हलकेच ढकलून बघा, दोन्ही मागची चाकं धरली गेली की नाही ते कळेल. उतारावर गाडी उताराच्या दिशेनं उभी करायची नाही, आडवी करायची. रेल्वे स्टेशनवर हे फार महत्त्वाचं आहे. फलाटाला उतार आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. गाडी रुळांना समांतर, ब्रेक लावून, भिंतीच्या बाजूला ठेवा, आणि दांड्याला असलेली मनगटाची दोरी हातात अडकवा. न थांबता जाणाऱ्या रेल्वेचा वारा मोठ्या माणसालाही जाणवतो. रेल्वे यायच्या आधीच लेकरू हातात आणि बाबागाडी मिटलेली हवी. परभणीला किंवा मनमाडला रेल्वे बदलायची असेल तर एकटीनं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुलाच्या पायऱ्यांवर लेकरू, बाबागाडी आणि बॅग हे तिन्ही एका माणसाचं काम नाही.

एसटी स्टँडवर मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मागं येणाऱ्या बसची. फलाटावरून बस मागं निघते तेव्हा कंडक्टर शिट्टी वाजवतो, मागं कोण आहे ते बघतो, पण बाबागाडी त्याच्या नजरेच्या खाली राहू शकते. बसच्या मागून कधीच जायचं नाही, बस थांबलेली असली, ड्रायव्हर चहाला गेलेला असला तरीही नाही. लांबचा वळसा घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून माहेरी, दवाखान्याला, बाजाराला बायका जास्त मोकळेपणानं निघतात, हे मला फार चांगलं वाटतं. पण बसच्या पायऱ्या उंचच आहेत. कंडक्टरला आधी सांगा, बाबागाडी मिटून डिकीत टाकायला सांगा, आणि मग लेकरासह चढा. गाडी मिटताना लेकराची बोटं बिजागरीत नाहीत ना ते बघा, आणि उघडल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐका. एका हातानं मिटणारी हलकी गाडी आपल्याला मिळाली ती १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्यामुळं. विमानाची चाकं पोटात मिटतात तो अभ्यास त्यानं नातीच्या गाडीसाठी वापरला. मी विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगते. ज्ञान असं घरी आलं पाहिजे.

लिफ्टमध्ये पाठमोरं शिरा, म्हणजे मोठी चाकं आधी फट ओलांडतात आणि छोटी चाकं तिच्यात अडकत नाहीत. दार कुणाला तरी धरायला सांगा. सरकत्या जिन्यावर बाबागाडी कधीच नाही. मॉलमध्ये लोक सर्रास नेतात, तरीही नाही.

आता उन्हाचं. हे मला सविस्तर बोलायचंय, कारण इथं आपण प्रेमापोटी चुकतो. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा बेचाळीस, त्रेचाळीसवर जातो. आई काय करते? गाडीवर ओढणी टाकते, चारही बाजूंनी खोचते. लेकराला ऊन लागू नये हा हेतू. पण आतली हवा कोंडते, फिरत नाही, आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. कोरड्या मलमलीखाली गाडी बाहेरच्या हवेपेक्षा गरम झाली, आणि तोच पातळ कपडा ओला करून टाकल्यावर आत थंड झालं. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळं हा उपाय इथं चांगला लागू पडतो. पावसाळ्यात दमट हवेत तो उपयोगाचा नाही. कपडा पातळ हवा, दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओला करायला हवा, बाजू उघड्या हव्यात, आणि लेकराचा चेहरा तुम्हाला सतत दिसायला हवा. मानेला मागून हात लावून बघत राहा. मान तापलेली किंवा घामेजलेली लागली तर लगेच सावलीत घ्या. पण सगळ्यात चांगलं म्हणजे दुपारी अकरा ते पाच बाहेर न पडणं. संध्याकाळी सहाला वारा सुटला तरी डांबर तापलेलंच असतं, आणि ती धग खालून लेकराला लागते. तुम्हाला ती तितकी कळत नाही, तुम्ही उंचावर आहात.

धुराचंही असंच आहे. वाहनांची नळकांडी ज्या उंचीवर धूर सोडतात, साधारण त्याच उंचीवर लेकराचं नाक असतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलं की बाबागाडीतल्या बाळाला मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा मिळू शकते. सिग्नलला रिक्षाच्या मागं गाडी टेकवून उभं राहू नका. दोन पावलं मागं थांबा आणि तोंड दुसरीकडं वळवा.

देवदर्शनाबद्दल दोनच शब्द. तुळजापूरला देवीकडं पायऱ्या उतरून जावं लागतं, अजिंठ्याला चढ आणि पायऱ्या आहेत. तिथं बाबागाडी नेऊन फक्त ओझं वाढतं. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात बागेतल्या फरसबंद वाटांवर ती छान चालते, चौथऱ्यावर जायचं तेवढं लेकरू उचलून घ्या. कुठं नेऊ नये हे ठरवणं हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

आता माझ्या विषयाचं, रस्त्यांचं बोलते. इतका वेळ मी तुम्हालाच सांगतेय, असं करा, तसं करू नका. पण आई कितीही सावध असली तरी फूटपाथच नसेल तर ती रस्त्यावरून चालणार. हा तिचा दोष नाही. आपल्या देशात नियम आहेत. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मोकळी म्हणजे मध्ये खांब नाही, विजेची डीपी नाही, दुकानाची पाटी नाही. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि चढ-उतार एकास बारा. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार. आपल्याकडं गुत्तेदार काय करतो? फूटभर लांबीचा सिमेंटचा ढीग ओततो आणि त्याला रॅम्प म्हणतो. त्यावर बाबागाडी चढत नाही, व्हीलचेअर तर मुळीच चढत नाही. व्हीलचेअरवाल्यांच्या हक्कासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वापरता येण्याजोगा फूटपाथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ खाली नागरिकाच्या हक्काचा भाग आहे. हे हातात असताना आपण गप्प का बसायचं?

मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम सांगते, तेच तुम्हालाही सांगते. बाबागाडीत लेकराऐवजी दहा किलो ज्वारीचं पोतं ठेवा, पट्टे लावा, आणि घरापासून लसीकरण केंद्रापर्यंत चालत जा. जिथं जिथं गाडी उचलावी लागली, जिथं रस्त्यावर उतरावं लागलं, तिथं खडूनं खूण करा, टेपनं उंची मोजा, फोटो काढा. मग नगरसेवकांना आणि वॉर्डाच्या अभियंत्याला बोलवा, आणि दांडा त्यांच्या हातात द्या. त्यांनीच ढकलत न्यावी पूर्ण वाट. अर्जात "रस्ता खराब आहे" असं लिहिलं तर अर्ज पडून राहतो. "अमुक दुकानासमोर कडा २८ सेंटिमीटर उंच, नियम १५ चा" असं लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. टेप माझ्याकडं आहे, बाहेर टेबलावर ठेवलीय. ज्यांना या रविवारी सकाळी सातला निघायचंय त्यांनी जाताना नाव लिहून जा, आणि ज्वारी घरून आणा.