खिशात दमडी नाही

नकाशावरची ही रेघ बघा. दिल्लीच्या राजघाटावरून निघते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, मग कॉकेशस, मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टन. सुमारे १३ हजार किलोमीटर, त्यातली बहुतेक पायी.

चालणारे दोघे: सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. साल १९६२. सतीश राजस्थानचे, नवव्या वर्षी जैन मुनी झालेले, अठराव्या वर्षी दीक्षा सोडून आलेले. नव्वदीला टेकलेले ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल अणुबॉम्बविरोधी निदर्शनापायी तुरुंगात गेले, ही बातमी वाचली आणि दोघांनी ठरवलं, अणुबॉम्बवाल्या चारही राजधान्या गाठायच्या.

आशीर्वादाला गेले विनोबांकडे. गागोद्याचे विनोबा १९५१पासून स्वतःच भूदानासाठी गावोगाव चालत होते. त्यांनी अट घातली, जवळ पैसा ठेवायचा नाही.

वरवर बघता छळच हा! पण पैसा असला की दमलेला माणूस खाणावळ गाठतो, खोली घेतो, झोपून जातो. नसला की कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं. आणि दार उघडणारा विचारतोच, कोण तुम्ही, कुठचे?

पाकिस्तानच्या सरहद्दीवर मैत्रिणीनं शिदोरी पुढे केली. पलीकडे कोण जेवू घालणार, ही तिची काळजी. सतीशनी ती घेतली नाही. ही शिदोरी म्हणजे तिथल्या माणसांवरचा अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. आणि सरहद्द ओलांडली तर एक अनोळखी गृहस्थ त्यांना घरी न्यायला हजर!

जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायका भेटल्या. आधी पाहुणचार झाला. मग एकीनं चहाच्या चार पुड्या आणून दिल्या, प्रत्येक राजधानीसाठी एक. निरोप असा, की बॉम्बचं बटण दाबायची हुक्की आलीच तर जरा थांबा, आधी हा चहा करून प्या. शांतता परिषदांचे जाडजूड ठराव एकीकडे आणि या बाईची पुडी एकीकडे. मी पुडी घेईन.

पॅरिसमध्ये निदर्शनं केली म्हणून कोठडी मिळाली. पुढे रसेल भेटले, अटलांटिक ओलांडायला त्यांनी मदत केली. वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत केनेडींची हत्या झाली होती. गांधींच्या समाधीपासून निघालेले हे दोघे आर्लिंग्टनला केनेडींच्या थडग्यापाशी गेले.

सतीश कुमार नंतर इंग्लंडात स्थायिक झाले. पन्नाशी गाठली तेव्हा ब्रिटनमधल्या तीर्थस्थळांना पायी निघाले. या खेपेलाही पाकीट घरीच होतं.