तीन सेकंदांत दगा न देणारं पिस्तूल

नेमबाजीसाठी पिस्तूल कुठलं घेऊ, असं पालक विचारतात तेव्हा मी आधी विचारते, गोळी कुठली वापरणार? बऱ्याच जणांनी त्याचा विचारच केलेला नसतो.

25 मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकार घ्या. रॅपिडच्या, म्हणजे झटपट नेमाच्या, फेरीत हात 45 अंशांत खाली धरायचा. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर, नेम, एक गोळी. मग सात सेकंद थांबायचं. असं पाच वेळा, की एक मालिका झाली. तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं की मुलीची लयच तुटते. नियमानुसार पुन्हा संधी मिळाली, तरी त्या मिनिटभरात वाढलेले ठोके कोण खाली आणणार?

पिस्तूल का अडकतं, ते बघू. या प्रकारातल्या पॉइंट टू-टूच्या (0.22 इंची) पिस्तुलात बोल्ट, म्हणजे गोळीला मागून टेकलेला लोखंडी ठोकळा, मागे ढकलायला वेगळी यंत्रणा नसते. गोळी पुढे जाते, त्याच धक्क्याने बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंग बोल्टला पुढे नेताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, सरकवते. धक्का थोडा कमी पडला, तर पुंगळी अर्धवट बाहेर येऊन बाहेर पडायच्या खिडकीत उभीच्या उभी चिमटते. शिवाय या गोळीचं ठिणगी पाडणारं स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं. एखाद्या जागी ते नीट पसरलं नसलं, तर पिन आपटूनही बार होत नाही. महागडं पिस्तूलही तिथे काही करू शकत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने सरावाला एक गोळी वापरली आणि राज्य स्पर्धेला दुसरी, महागडी, आणली. दोन मालिकांत तीनदा पुंगळी अडकली. पिस्तूल तेच, तेल-सफाई व्यवस्थित. ते गोळ्यांचं नवं डबडं मी आधी तपासायला हवं होतं, ही चूक माझी. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या लॉटची (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेची) गोळी स्पर्धेत लागणार, त्याच लॉटच्या किमान दोनशे गोळ्या आधी झाडून बघायच्या, तिन्ही-चारही मॅगझिन आलटून पालटून. मॅगझिनवर नंबर टाका. अडकलं की वहीत नोंद करा. चार दिवसांत दोषी मॅगझिन सापडतं.

पार्डिनी एसपी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, या पिस्तुलांमध्ये मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. त्यामुळे मूठ रिकामी राहते आणि लाकडी ग्रिप हाताप्रमाणे कोरता येते. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसा, पण घाई करू नका. डोळे मिटून हात उचला, मग डोळे उघडा. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साइट सरळ दिसल्या नाहीत, तर लाकूड अजून बाकी आहे. ट्रिगरची ओढ किमान 1000 ग्रॅम लागते, तपासणीत वजन टांगून बघतात. अगदी काठावर ठेवू नका.

2018 मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं सुवर्ण शूट-ऑफवर, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा फेरीत, ठरलं. तिथे प्रत्येक गोळी मोलाची असते.

टू-टूला परवाना लागतो, तो निघेपर्यंत क्लबच्या पिस्तुलावर सराव करा. आणि खरेदीआधी विक्रेत्याला विचारा: फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), रिकॉइल स्प्रिंग इथे किती दिवसांत मिळेल? उत्तर तोंडी नको, लिहून घ्या.