कागद कुठे चिकटवलाय?

[दृश्य: अंधारात उजळलेला फोनचा पडदा. वर एक मथळा, खाली भराभर उमटणारी उत्तरं.]

मथळा येतो. पाच-सहा शब्दांचा, शेवटी प्रश्नचिन्ह. बातमी अजून कुणी उघडलेली नसते आणि पहिली कोटी पडलेली असते. दुसरा तिच्यावर ताण करतो. तिसरा नुसते हसरे चेहरे टाकतो. चौथ्याला काहीतरी झोंबतं, तो भांडायलाच उठतो. दहा मिनिटांत एक मंत्री, एक वाहिनी आणि एक अख्खा पक्ष यांची सालटी काढून होतात.

या गप्पांना टाइमपास म्हणून कुणी मोडीत काढलं की मला वाईट वाटतं. सत्तेवर हसता येणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती फोनबरोबर जन्माला आलेली तर मुळीच नाही.

[दृश्य: रोम. एका इमारतीच्या कोपऱ्यावर संगमरवरी पुतळा. भोवती चिकटवलेले कागद.]

हा पास्कीनो. त्याला हात नाहीत, चेहरा झिजून सपाट झालाय, नाक कुठे होतं ते शोधावं लागतं. १५०१ मध्ये कार्डिनल ओलिव्हिएरो काराफा यांनी हा जुना, मोडका पुतळा इथे, पियाझा नाव्होना या चौकाच्या जवळ, चौथऱ्यावर बसवला. लवकरच लोक रात्री येऊन त्याच्यावर कागद चिकटवू लागले. पोपवर, सरदारांवर, नव्या करांवर दोन-चार ओळी. खाली नाव नाही. सकाळी येणारे-जाणारे वाचत, हसत, पाठ करून पुढे सांगत. पास्कीनो हे नाव कुणाचं, यावर एकमत नाही. कुणी म्हणतं शेजारचा शिंपी, कुणी म्हणतं न्हावी.

आणि हा एकटा नव्हता. शहरात दुसरा पुतळा होता, मार्फोरिओ. एकाच्या अंगावर प्रश्न लागायचा, दुसऱ्याच्या अंगावर त्याचं उत्तर. दगडांचा संवाद, अख्ख्या शहरासमोर.

यातली एक ओळ आजही लोकांच्या तोंडी आहे. पोप आठवे अर्बन हे बार्बेरिनी घराण्यातले. १६२५ च्या सुमारास त्यांनी पँथिऑन या जुन्या रोमन मंदिराच्या देवडीतलं प्राचीन ब्राँझ काढून नेलं. त्यातलं बरंचसं तोफा ओतायला गेलं. मग लॅटिनमध्ये ओळ आली: जे बर्बरांनी केलं नाही, ते बार्बेरिनींनी केलं.

मराठीतही ती जशीच्या तशी चपखल बसते. पण ही कोटी कळायला आधी बातमी ठाऊक हवी. ब्राँझ निघालंय, कुठून निघालंय, कुणी काढलंय. वाचणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं, लिहिणाऱ्यानेही. आणि आणखी एक: कागद पास्कीनोवर लागलाय म्हणजे ही टपली आहे, हे रोममधल्या पोरासोरांनाही माहीत होतं. दरबारी फर्मान म्हणून तो कुणी घरी नेला नसता.

[दृश्य: लंडन, जुनी रेखाचित्रं. कॉफीगृह, लांब बाकं, हातात वृत्तपत्रं.]

राज्यकर्त्यांना हा आवाज फारसा सोसत नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहं बंद करण्याचं फर्मान काढलं. कारण दिलं, तिथे सरकारबद्दल खोट्यानाट्या कंड्या पिकतात. इतका आरडाओरडा झाला की जानेवारीत, काही दिवसांतच, ते मागे घ्यावं लागलं.

[दृश्य: रात्रपाळी. रिकाम्या खुर्च्या, एका टेबलावर दिवा.]

आता मथळ्याकडे येऊ, कारण आज सगळी गंमत आणि सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो.

वाचकांना सहसा माहीत नसतं, पण वृत्तपत्रात मथळा बातमीदार देत नाही. बातमीदार बातमी पाठवतो. मथळा देतो डेस्कवरचा उपसंपादक. त्याच्यासमोर कॉलमची रुंदी असते, घड्याळ असतं. ‘चौकशी होण्याची शक्यता असल्याचे सूत्रांनी सांगितले’ हे दोन कॉलमांत मावत नाही. ‘चौकशी होणार?’ हे मावतं. शक्यता, सूत्रं, सगळी सावधगिरी त्या एका प्रश्नचिन्हात कोंबलेली असते. फोनवर ते नजरेतून सुटतं आणि उरते फक्त ‘चौकशी होणार’. मग शिव्या खातो तो ज्याचं नाव बातमीवर आहे, तो बातमीदार.

प्रश्नचिन्हाच्या मथळ्यांवर इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकाराने २००९ मध्ये एक आडाखा मांडला, तो आता त्याच्याच नावाने ओळखला जातो: अशा कुठल्याही मथळ्याला ‘नाही’ असं उत्तर देऊन टाकता येतं. दर वेळी खरा ठरत नाही, पण हाताशी ठेवण्यासारखा आहे.

[दृश्य: १९४८. रेल्वेच्या डब्याच्या मागच्या सज्जात उभा माणूस, दोन्ही हातांत उंच धरलेलं वृत्तपत्र.]

घाईचा मथळा काय करतो, ते या छायाचित्रात दिसतं. २ नोव्हेंबर १९४८, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’मध्ये मुद्रण कामगारांचा संप चालू होता. जुळारी नव्हते, म्हणून मजकूर टंकलिखित करून त्याचे ठसे काढले जात. त्यात वेळ जाई आणि अंक नेहमीपेक्षा कित्येक तास आधी सोडावा लागे. मतमोजणी पुरती सुरू व्हायच्या आतच मथळा लागला: ड्युईकडून ट्रुमन पराभूत. सुमारे दीड लाख प्रती छापून झाल्या. प्रत्यक्षात ट्रुमन, तेव्हाचे अध्यक्ष, जिंकले, १८९ विरुद्ध ३०३ निर्वाचक मतांनी. दोन दिवसांनी सेंट लुइसच्या स्थानकावर त्यांनी तोच अंक हसत हसत उंचावला.

ती चूक कागदावर होती. कुणी छापली, कोणत्या तारखेला, सगळं वर लिहिलेलं. ज्याची चूक, त्याच्या गळ्यात ती पडली.

[दृश्य: पुन्हा फोन. एकाखाली एक चौकोन: बातमी, विनोद, मत, जाहिरात. सगळ्यांचा टाइप सारखाच.]

आणि इथे? बातमी, टपली, अफवा, मत, सगळं एकाच टाइपात, एकाच आकाराच्या चौकोनात येतं. पुतळाच राहिला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ‘द अनियन’ या विडंबनपत्राने उत्तर कोरियाच्या किम जाँग-उन यांना ‘सर्वांत आकर्षक पुरुष’ ठरवलं. चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ते खरं मानून ५५ छायाचित्रांसह छापलं. व्यावसायिक संपादक फसतात, तिथे दिवसभराच्या दगदगीनंतर फोन हातात घेतलेल्या माणसाला मी हसणार नाही.

मला खुपतं ते वेगळंच. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी ट्विटरवर फिरणारे बातम्यांचे दुवे तपासले. पुढे पाठवलेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के दुव्यांवर एकदाही कुणी टिचकी मारलेली नव्हती. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास मांडला. खोटी बातमी पुढे जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. आणि दोष आपोआप चालणाऱ्या खात्यांच्या माथी मारता आला नाही. ती पुढे ढकलणारी माणसंच होती, कारण खोटं बहुधा जास्त नवलाचं असतं.

१ एप्रिल २०१४ ला अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओने फेसबुकवर मथळा टाकला: अमेरिका आता वाचत का नाही? खाली लोक तावातावाने लिहू लागले. शाळा, टीव्ही, नवी पिढी, सगळ्यांचा उद्धार झाला. दुवा उघडला की आत लेखच नव्हता. एवढंच लिहिलं होतं की लोक न वाचताच मत देतात असा आम्हाला संशय आहे, तुम्ही हे वाचत असाल तर कृपया काही लिहू नका. ज्यांनी उघडलं, ते गप्प राहिले.

[दृश्य: पडद्यावर तीन प्रश्न, प्रत्येकाखाली पर्याय.]

यावर मला सर्वांत आवडलेली युक्ती नॉर्वेतली. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘एनआरकेबीटा’ या तंत्रज्ञानविषयक पानाने २०१७ मध्ये काही लेखांखाली तीन प्रश्न ठेवले. उत्तरं लेखातच. बरोबर आली की मगच लिहायची जागा उघडायची. कुणाचं तोंड बंद केलं नाही, कुणाचं मत पुसलं नाही. प्रश्न सोडवायला लागणाऱ्या पंधराएक सेकंदांत डोकंही थोडं निवतं, हा त्यांचा होरा होता.

[दृश्य: रोम, पहाट. पास्कीनोपाशी कुणीतरी ताजा कागद लावतंय. मग रिकामा रस्ता.]

पास्कीनोचा कागद वाचून ज्याला मार्फोरिओच्या तोंडून उत्तर द्यायचं असे, त्याला चालत तिथवर जावं लागे. हातात खळीचं भांडं, अंगरख्यात घडी केलेला कागद. वाटेत ओळ चार वेळा मनात घोळायची. एखादा शब्द बोथट वाटायचा, आणि तो कोपऱ्यावर थांबून बदलता यायचा.