आधी लागेल ते शेवटी भरा

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्याकडे बोचकी बांधणं सुरू होतं. कोणी शेगावला निघतं, कोणी लग्नाला, कोणी चिखलदऱ्याला. तेलच्या, ठेचा, कांदा, दुपट्टा हे काही मी सांगायला नको. मी एकच गोष्ट सांगणार आहे. आधी लागेल ते शेवटी भरा. शेवटी भरलेलं वर राहतं, आणि वरचं लगेच हाती येतं.

आणि थैली कापडाचीच घ्या. चाकांची पेटी गुळगुळीत फरशीवर बरी, आपल्या फाट्यापासून घरापर्यंतच्या गिट्टीवर ती डोक्यावरच घ्यावी लागते.

तर ऐका. आमचा मोत्या, गावठी कुत्रा, तेव्हा सात वर्षांचा होता. मे महिन्यात नेरहून जीपनं चिखलदऱ्याला निघालो. सासूबाई, जाऊबाई, पोरं आणि मोत्या. त्याला कोणाच्या दारी सोडायला जीव होत नव्हता. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. सामान बांधता बांधता नऊ वाजले. मोत्याचं पाण्याचं भांडं आणि पाण्याची कॅन मी सगळ्यात आधी ठेवली, विसरायला नको म्हणून. त्यावर गाद्या, त्यावर पेट्या, त्यावर आंबे. आणि मोत्या मागे, सामानाला टेकून.

अमरावती सुटली, वलगाव गेलं. आसेगावच्या अलीकडे धाकट्यानं हाक मारली, "आई, मोत्या कसातरी करून राहिला." पाहते तर जीभ लालभडक, तोंडातून लाळेच्या तारा, आणि उभं राहायला गेला तर मागचे पाय लटपटले. जीप थांबवली. पाणी होतं, पण ते तळाशी! भर उन्हात आम्ही आंबे उतरवतोय, पेट्या उतरवतोय, माझे हात थरथरतायत.

बाजूला कडुनिंबाखाली एक रसवंती होती. तिथले म्हातारे बाबा धावत आले. "पोरी, सामान राहू दे. आधी त्याले सावलीत आण." त्यांनी पोतं भिजवून जमिनीवर अंथरलं, मोत्याला त्यावर निजवलं, पोटावर आणि पंजांवर रांजणातलं पाणी शिंपडलं. मग ओंजळीतून घोट घोट पाजलं. जाऊबाई बर्फ टाकायला निघाल्या, तर म्हणाले, "बर्फ नको बाई, साधंच पानी." अर्ध्या तासानं मोत्यानं शेपूट हलवली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तो रांजण होता म्हणून. पूर्वी प्रत्येक फाट्यावर झाडाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला रांजण असायचा. आता पाण्याची बाटली मिळते, पण जनावर ती कशी विकत घेणार? गावोगावी पाणपोया परत लागल्या पाहिजेत, हे मी मनापासून सांगते.

परतवाड्याला पशुवैद्यकांना दाखवलं. ते म्हणाले, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर सोडतो. म्हणून बंद गाडीत, उन्हात त्याला दहा मिनिटंही ठेवू नका. निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर जेवण नको, नाहीतर घाटाच्या वळणांवर उलट्या होतात. त्याचं रोजचं गोणपाट सोबत घ्या, ओळखीच्या वासावर तो शांत बसतो. रेबीजच्या लशीचं कार्डही वरच ठेवा. रेल्वेनं नेणार असाल तर आधी पार्सल ऑफिसात चौकशी करा. कुत्र्याला बहुतेक वेळा गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात.

पण श्रोतेहो, पाणी वर. पुन्हा सांगते, पाणी वर, हाताशी.

परतीला आम्ही अंधारातच चिखलदरा सोडला. मोत्याची थैली वेगळी होती, माझ्या पायाशी: भांडं, कॅन, जुना टॉवेल. आसेगाव ओलांडून त्याच कडुनिंबापाशी थांबलो, तर रसवंती अजून उघडायची होती. पोरांनी हातपंपावरून पाणी आणून बाबांचा रांजण काठोकाठ भरला, फडकं ओलं केलं. मोत्या कडुनिंबाखाली बसून आपल्या भांड्यातलं पाणी पीत होता.