कानांनी केलेला प्रवास

श्रोतेहो, नमस्कार.

महिन्यातले निम्मे दिवस मी प्रवासात असतो, कधी विमानाने, कधी रेल्वेने. लोक विचारतात, काय काय पाहिलंत? आता खिडकी मिळाली तर पाहणार ना! कान मात्र मधल्या जागेवरही उघडेच असतात.

विमान उडालं की मिनिटभरात इंजिनांचा आवाज एकदम उतरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला. शेजारच्या आजोबांनी तर हातच जोडले. जमीन सोडायला जेवढा जोर लागतो तेवढा पुढे चढायला लागत नाही, म्हणून वैमानिक तो मुद्दाम कमी करतात. त्याआधी पायाखाली जो ‘धप्’ होतो, तो चाकं आत गेल्याचा. हे कळलं की भीती जाते. मी अजून खुर्चीचा हात घट्ट धरतो, ते सोडा.

खरी परीक्षा उतरताना. विमान 10-11 किलोमीटर उंचीवर असलं, तरी आतला दाब 1800 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. खाली येताना तो वाढतो आणि कानाच्या पडद्याआडची हवा मागे राहते. एकदा भरलेल्या सर्दीत गेलो. कानात दाभण खुपसल्यासारखी कळ आली, आणि पुढचे दोन दिवस सगळे माझ्याशी विहिरीच्या तळातून बोलत होते. आता विमान झुकलं की मी बेशरमपणे जांभया देतो.

रेल्वेच्या आवाजाला ताल असायचा. उन्हात रूळ लांबतात, म्हणून सांध्यात फट ठेवत. चाकं त्यावरून गेली की ‘खडक-खडक’. लहानपणी एका तिकीट तपासनिसाने युक्ती शिकवली होती. रूळ 13 मीटरचे असतील, तर 47 सेकंदांत जितके खडक-खडक, तितका गाडीचा ताशी किलोमीटर वेग. करून बघा, गणित चोख आहे. फक्त आता बहुतेक ठिकाणी रूळ वितळवून सलग जोडतात. गाडी सरसर जाते, आणि माझ्या बोटांना मोजायला काही उरत नाही.

तरी रात्री गाडी मध्येच कुठे थांबली, की अजून जाग येते. आवाजाने नव्हे, तो थांबल्यामुळे. अंधारात कोणीतरी कुशीवर वळतं आणि विचारतं, “कुठलं स्टेशन आलं हो?”

वरच्या बर्थवरून उत्तर येतं, “कुठलंच नाही. झोपा.”