शून्य नऊ : जुन्या स्पोर्ट्स कारची उघडझाप वाचताना

[दृश्य : अंधारलेलं गॅरेज. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय.]

एक, दोन, तीन, चार… आठ, नऊ. मग चार सेकंद काहीच नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून नऊ.

सगळ्या लुकलुकी छोट्या, एकही लांब नाही. वहीत लिहायचं : शून्य नऊ.

ही माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगाने ती पहिल्यांदा पाहिली. दोन आसनं, कापडी छप्पर, पुढे १.६ लिटरचं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद. ती हलकी आहे, साधी आहे. पण तिच्या पोटात एक संगणक आहे, ईसीयू. तो पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवतो. काही बिनसलं तर त्याची नोंदही ठेवतो.

ती नोंद वाचायला आजच्यासारखा स्कॅनर लावता येत नाही. सोळा पिनांचा तो सर्वांना सारखा सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचा झाला आणि युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. त्या काळच्या बीएमडब्ल्यूच्या कितीतरी मॉडेल्समध्ये इग्निशन चालू करून ॲक्सिलरेटर पाच वेळा तळापर्यंत दाबायचा, की दिवा बोलू लागे. १४४४ आलं तर सगळं ठीक. शेवरले कॉर्वेटच्या चौथ्या पिढीत डॅशबोर्डखालच्या कनेक्टरचे ए आणि बी हे दोन पिन जोडले, की आधी बारा हा आकडा तीनदा येई. पुष्कळ जण तिथेच घाबरत. पण इंजिन बंद असल्यामुळे डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडून, स्पंदनं येत नाहीत, एवढंच तो बारा सांगतो. यंत्रणा जागी आहे, याची ती खूण.

[दृश्य : बॉनेट उघडतं. छोट्या काळ्या डबीचं झाकण वर होतं.]

माझदाने ही सोय बॉनेटखाली ठेवली. डबीवर डायग्नॉसिस असं लिहिलेलं असतं आणि कुठला पिन कुठे आहे याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. चावी बंद ठेवायची आणि वायरच्या एका तुकड्याने टीईएन (चाचणीचा) आणि जीएनडी (अर्थिंगचा) हे दोन पिन जोडायचे. इथे घाई नको. याच डबीत बॅटरीचा थेट पिन आहे, तो चुकून अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, लागला तर फ्यूज उडतो. एफ आणि पी लिहिलेला पिन अर्थिंगला जोडला, तर पेट्रोलचा पंप सुरू होतो.

आता चावी फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही.

लांब उघडझाप म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. एक लांब आणि पाच छोट्या आल्या तर पंधरा, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. कोड अनेक असतील तर लहान आकड्यापासून मोठ्याकडे क्रमाने येतात आणि मग फेरी पुन्हा सुरू होते. तीन फेऱ्या मोजा. पहिल्या फेरीत मन दिव्याकडे कमी आणि भीतीकडे जास्त असतं. युरोपात विकलेल्या कितीतरी एमएक्स-५ मध्ये तर हा दिवाच नाही. तिथे त्याच डबीत एक छोटा एलईडी जोडून मोजावं लागतं.

आपला आकडा नऊ आहे. नऊ म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर.

आणि इथेच बहुतेकांचा हात नव्या सेन्सरच्या खोक्याकडे जातो. थांबा. ईसीयूला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त एका वायरवरचा व्होल्टेज दिसतो.

[दृश्य : मल्टिमीटर. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, अडचणीच्या जागी बसलेला सेन्सर.]

हा सेन्सर म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा एक छोटा तुकडा. पाणी तापेल तसा रोध उतरतो. २० अंश सेल्सिअसला साधारण २२०० ते २७०० ओहम आणि ८० अंशांना जेमतेम ३०० च्या आसपास. ईसीयू त्याला पाच व्होल्टचा पुरवठा देतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ताडतो. वायर तुटली किंवा दोन वायर एकमेकींना चिकटल्या, तर आकडा शक्यतेच्या बाहेर जातो. तेव्हाच नऊची नोंद होते आणि एक ठरावीक तापमान गृहीत धरून ईसीयू गाडी चालती ठेवतो.

पण सेन्सर खोटं बोलत असेल तर? इंजिन पुरतं तापलंय आणि तो सांगतोय, वीस अंश. वीस अंश ही अशक्य गोष्ट नाही. म्हणून कोड येत नाही, दिवा गप्प राहतो. ईसीयू इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो आणि स्पार्क प्लग काजळीने काळे होतात. मला हा दोष कोडवाल्या दोषापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो, कारण तो शोधायला दिवा मदत करत नाही. तिथे मीटर, थर्मामीटर आणि नाक, एवढंच हाताशी उरतं.

आज मात्र दिव्याने बोट दाखवलंय. कनेक्टर काढला. सेन्सरच्या दोन टोकांमधला रोध मोजला : २४०० ओहम. इंजिन थंड आहे, म्हणजे आकडा अगदी बरोबर. सेन्सर निर्दोष.

[दृश्य : कनेक्टर जवळून. टर्मिनलवर हिरवट थर.]

मग वायर बघायची. तीस वर्षं इंजिनची धग खाऊन प्लास्टिकचं वेष्टण कडक झालंय, एका टर्मिनलवर हिरवी बुरशी धरावी तसा तांब्याचा गंज चढलाय. वायर हलक्या हाताने हलवली, की मीटरवरचा आकडा नाहीसा होतो, परत येतो, पुन्हा नाहीसा होतो.

खराब टोक कापलं. नवं टर्मिनल घट्ट दाबून बसवलं, कनेक्टर टक् आवाज होईपर्यंत आत ढकलला.

जुना कोड वहीत आहे, म्हणून आता तो पुसता येईल. बॅटरी या गाडीच्या डिकीत असते. निगेटिव्ह टोक सोडवायचं, ब्रेकचं पेडल दाबून धरायचं आणि निदान वीस सेकंद थांबायचं.

[दृश्य : इंजिन सुरू. तापमानाचा काटा हळूहळू वर.]

इंजिन तापू दिलं. बंद केलं. दोन पिन पुन्हा जोडले, चावी फिरवली.

दिवा एकदा लागला. विझला.

मोजायला काही नाही.