दांडगा दिसतो तोच गुणी असं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडताना पीटीच्या सरांची नजर आधी उंच, अंगाने भरलेल्या मुलावर जाते. शालेय स्पर्धांत वय १ जानेवारीपासून धरतात. म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत. त्यात एकाला मिसरूड फुटलेलं, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. दुसरा पुढे त्याला गाठतोही, पण तोवर संघातून गळालेला असतो.

म्हणून मोजमाप करा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी जन्मतारीख व उंची लिहा. उभ्याने लांब उडी, ३० मीटर धाव, ६ गुणिले १० मीटर शटल रन म्हणजे १० मीटरचं अंतर जाऊन-येऊन सहा वेळा कापणं, १ किलोच्या मेडिसिन बॉलची म्हणजे जड चेंडूची फेक आणि ८०० मीटर धाव एवढ्यावर शाळेचं भागतं.

यातली उभ्याने लांब उडी सोपी वाटते, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. चुन्याच्या रेघेमागे दोन्ही पाय जोडीने हवेत. उडीआधी पाय पुढे सरकला की उडी बाद. मोजायचं ते रेघेपासून मागच्या टाचेच्या खुणेपर्यंत; पंजापर्यंत टेप नेला तर पावलाएवढी लांबी फुकट मिळते. मूल मागे हातांवर टेकलं तर पुन्हा उडी द्या. तीन उड्यांतली उत्तम तेवढी नोंदवा. एकाने बूट घालून आणि दुसऱ्याने अनवाणी मारलेल्या उड्यांची तुलनाच नको. धावेत मुलं रेघेआधीच वेग सोडतात. खरी रेघ ३० मीटरवर ठेवून त्यांना ३५ मीटरवरची काठी गाठायला सांगा.

हीच चाचणी जून, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये घ्या. उंची फारशी न वाढता ज्याची उडी वाढली, त्याच्याकडे नीट पाहा.

टेपने न मोजता येणारं खो-खोत दिसतं. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. अशा वेळी पळणाऱ्याचा रोख ओळखून, खांबाकडे धावण्याऐवजी ऐनवेळी योग्य गड्याला खो देणारं पोर, उडीत मागे असलं तरी, यादीत हवंच.

निवडल्यावर लगेच एका खेळाला जुंपायची घाई आमच्या मते नुकसानीची. बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे स्टीपलचेजकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळले ते सैन्यात गेल्यावर, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. बाराव्या वर्षापर्यंत धावणं, फेकणं, कोलांट्या, लंगडी, सगळं होऊ द्या. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे नकोत, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती.

उंची दर तीन महिन्यांनी मोजा. मुली साधारण बाराव्या, मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढतात. तेव्हा चपळाई काही काळ हरवते, म्हणून त्यांना संघातून काढू नका. त्याच काळात गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट दाबल्यावर मूल कळवळलं, तर उड्या त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘चालवून घे’ म्हणू नका.